सोळा चॅनेल आणि एकटी मिनल

...सोळा! अहो, सोळा चॅनेलचा! माणसाला तोंडं किती? एक. रावणाला दहा होती, त्यानं लंकेत बसून रेकॉर्डिंग करायचं ठरवलं असतं तरी सहा चॅनेल उरले असते! आणि ही आमची मिनल, काळेवाडीच्या दोन खोल्यांत राहणारी, एकटी वाचणारी, एक माइक घेऊन बसणारी... तिच्या घरात सोळा चॅनेलचा मिक्सर! हो हो, आवाजाचा मिक्सर, चटणीचा नव्हे. तो विनोद तिच्या घरी सगळ्यांचा करून झालाय, तुम्ही तरी नका करू. चॅनेल म्हणजे काय, तर एका माइकला एक भोक आणि त्याच्या पुढं बटणांची एक रांग. एवढंच. मला तरी कुठं माहीत होतं? मी आपली कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसणारी. काळेवाडी ते चाकण, मोशीला अडकायचं, मग कुरुळीला अडकायचं... तेवढ्यात माणूस काय करणार? दुसऱ्याचा संसार ऐकणार!

तुम्हाला सांगते, मिनलचं मागणं केवढंसं होतं! आम्ही दोघी इन्स्पेक्शनला. म्हणजे दिव्याखाली भिंग, भिंगाखाली रबराचं सील, आणि त्या सीलवर केसाएवढा चरा आहे का ते बघायचं. दिवसभर. घरी गेलं तरी डोळ्यांपुढं काळी वेटोळी. भाकरी थापली तरी मिनल आधी तिच्या कडेला चरा शोधायची! पण आवाज... आवाज म्हणाल तर असा की सेफ्टी वीकमध्ये तिनं माइकवर सुरक्षा प्रतिज्ञा वाचली, 'मी हेल्मेट घालीन, मी हातमोजे घालीन', तर फोर्कलिफ्टवाला फोर्कलिफ्ट बंद करून ऐकत उभा! हातमोज्यांवर कुणाचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग एच.आर.च्या सुखदा मॅडम म्हणाल्या, 'मिनल, अगं गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक कंपनी आहे, माझी बहीण आहे तिथं, घरबसल्या काम देतात. महिनाअखेरपर्यंत नमुना पाठव. फक्त आवाज स्वच्छ हवा, मागे कसला गोंगाट नको.' झालं! भिंगातून सुटायची एक वाट दिसली हो बिचारीला. तिनं सगळी चौकशी केली, एक माइक स्वतः निवडून आणला, आणि घरी सांगितलं, 'आता फक्त दोन चॅनेलचा छोटा मिक्सर हवा. डब्याएवढा असतो. लॅपटॉपच्या वायरीवरच चालतो.'

घरी सांगितलं! इथंच चुकलं.

कारण घरी दादासाहेब. मिनलचे सासरे. मूळचे मावळातले, जन्म गेला पिंपरीच्या कारखान्यात. माणूस सोन्यासारखा, तुम्हाला सांगते, सुनेला कधी अगं-तुगं नाही. पण एक वाक्य आहे त्यांचं, एकच: 'पुढं लागंल!' काहीही घ्यायचं असो, वाढत्या अंगाचं घ्यायचं. मुलगा अजिंक्य, म्हणजे मिनलचा नवरा, शाळेत गेला तेव्हा शर्ट असा आणला की पोरगं चौथीपर्यंत हात शोधत होतं. 'पुढं लागंल!' चार माणसांच्या घरात कुकर सात लिटरचा. 'पुढं लागंल!' नात सई, एवढीशी पोर, तिची सायकल अशी की पाय पुरत नाहीत म्हणून ती सायकलला घेऊन फिरायला जाते, जशी काही गाय चारायला न्यावी. 'पुढं लागंल!' आणि इन्व्हर्टर? तो मोठा घ्यायचा म्हणून अजून घेतलाच नाही!

तर निघाली वरात चिंचवडला दुकानात. मिनल, अजिंक्य, सई आणि दादासाहेब. दुकानदारानं विचारलं, 'किती चॅनेल?' मिनल म्हणाली, 'दोन.' त्यानं असं पाहिलं, जसं काही हिनं लग्नाच्या पंगतीत अर्धी पुरी मागितली. 'दोन? बघा मॅडम, तुमची मर्जी. पण दोनमध्ये काही होत नाही हो...' संपलं! दादासाहेब खुर्चीतून पुढे सरकले. 'अवो, दोन कसं पुरंल? ही वाचणार, एक. मी एखादं भजन म्हनलं तर? दोन. सई उद्या तबला शिकली, तबल्याला दोन माइक लागत्यात, मी टीव्हीत बघितलंय. चार. अजिंक्य शीळ घालतो...' 'दादा, मी शीळ नाही घालत.' 'पुढं घालशील! पाच. पाव्हणं आलं तर?' अहो, पाव्हणं आलं तर! अंथरुणं मोजतात का कुणी? पण माणूस अंथरुणं मोजावीत तसे चॅनेल मोजत होता! आठ झाले. मग एखादा बिघडला तर, म्हणून बारा. मग दुकानदार हळूच म्हणाला, 'बारा आणि सोळात काही फार फरक नाही, काका.' काका म्हणाला ना... काका म्हटल्यावर दादासाहेब विरघळले.

आणि मिनल? ती म्हणत होती, 'अहो, जरा बोला ना.' अजिंक्य म्हणाला, 'अगं, दादा हौसेनं घेतायत.' हौस! बायकांची अर्धी मागणी दुसऱ्याच्या हौसेखाली चेंगरून मरते, लिहून ठेवा. बोलता येत नाही, कारण प्रेमानं चाललंय ना सगळं! भांडण असतं तर भांडली असती बिचारी.

घरी आणला. टेबलावर मावेना, म्हणून दिवाणावर. दिवाणावर म्हणजे सईच्या जागेवर, म्हणजे सई खाली. वरचं प्लास्टिक काढायचं नाही, 'धूळ बसंल.' मग पूजा. नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, आणि दादासाहेबांनी मोठ्या भक्तिभावानं अक्षता टाकल्या... कुठे? बरोब्बर त्या सरकत्या बटणाच्या फटीत! पहिल्या चॅनेलच्या! सुरू केलं की खर्र... खर्र... पहिला चॅनेल पहिल्याच दिवशी गेला! मिनलचा चेहरा एवढासा झाला. आणि दादासाहेब? मांडीवर थाप मारून म्हणाले, 'बघा, सूनबाई! दोनचा घेतला असता तर निम्मा मिक्सर गेला असता. आता अजून पंधरा हायत की! म्हनून म्हनत हुतो, पुढं लागंल!' हिशेब बरोबर आहे हो त्यांचा! तेच तर दुःख आहे.

बरं, आता वाचायचं कधी? रोज कंपनी. संध्याकाळी घरी यावं तर वरच्या मजल्यावर पोरांचं क्रिकेट, शेजारी शिलाई मशीन, खाली पाण्याची मोटार. शांतता मिळायची ती एकाच वारी, गुरुवारी. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, तुम्हाला माहीतच आहे. आणि गुरुवारी शांतता का असते, तेही माहीत आहे... कारण लाइट नसते! देखभाल-दुरुस्ती! मोटार बंद, मशीन बंद, टीव्ही बंद, सगळी काळेवाडी कशी देवळासारखी गप्प... आणि मिक्सरही गप्प! तो दोनवाला लॅपटॉपच्या वायरीवर चालला असता हो. या सोळावाल्याला भिंतीतली वीज लागते, दांडगा गडी तो! म्हणजे लाइट आहे तेव्हा गोंगाट, आणि शांतता आहे तेव्हा लाइट नाही. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, मिनल आपली माइक मांडीवर घेऊन बसून राहायची. मी म्हटलं, 'अगं, मग फोनवर कर.' म्हणाली, 'घरात एवढा मोठा मिक्सर असताना फोनवर केलं, तर दादांना काय वाटेल?' घ्या!

आणि तेवढ्यात सनी उगवला. अजिंक्यचा मावसभाऊ, हळदीत डीजे लावतो. त्यानं दिवाणाकडं पाहिलं आणि चप्पल काढायचं विसरला. 'वहिनी! सोळा चॅनेल! राव, आमचा आठचाच आहे! वहिनी, फक्त आजच्या हळदीपुरता. सकाळी परत.' मिनल 'नाही' म्हणायला तोंड उघडतेय, तोवर दादासाहेब, 'ने, ने! वस्तू पडून राहिली की खराब व्हती.' एक हळद झाली, दुसरी झाली, एक बारसं झालं, रिटायरमेंट झाली. दर वेळी मिक्सर परत यायचा तो वर पिवळ्या हळदीचे पंजे घेऊन. तेव्हा प्लास्टिकचा उपयोग मात्र कळला.

आता शेवटचा गुरुवार ऐका. महिनाअखेर, त्याच दिवशी नमुना पाठवायचा. मिनल सकाळी उठली, बघते तर लाइट आहे! चमत्कार! दुरुस्ती दुसरीकडं होती. घरानं काय साथ दिली म्हणून सांगू! दादासाहेब स्वतःहून सईला घेऊन बाहेर पडले, सोबत सायकल, आणि जिन्यातून ओरडले, 'सूनबाई, बिनघोर वाचा!' अजिंक्यनं पंखा बंद केला, कुकरची शिट्टी काढून खिशात घातली. मिनल नाहून, कपाळाला टिकली लावून... अहो, आवाजाला टिकली कशाला लागते? पण लावली तिनं. तेवढा दिवस होता तो तिला. माइक घेतला, दिवाणाकडं वळली...

दिवाण मोकळा!

रात्रीच्या हळदीला गेलेला मिक्सर आलाच नव्हता! फोन केला, तर सनी, 'वहिनी, सॉरी, सॉरी, तिकडूनच डायरेक्ट वाढदिवसाला आलोय. चौकातच आहे. भाऊंचा आहे!' भाऊ कोण? जे प्रत्येक चौकात असतात, तेच. फ्लेक्सवर फोनवर बोलतात ते. भावी नगरसेवक! आणि त्याच क्षणी खिडकीतून सुरू झालं, 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग... आपल्या सर्वांचं लाडकं नेतृत्व, भावी नगरसेवक...!' भिंती हलतायत, मांडणीवरची भांडी हलतायत. मिनलच्याच मिक्सरमधून मिनलच्याच घरात! लोकांच्या घरात चोर घुसतो, हिच्या घरात हिचीच वस्तू घुसली!

काय केलं तिनं? कपाटात शिरली. साड्यांमध्ये. दार ओढून घेतलं, फोन तोंडाशी धरला आणि वाचलं. संपूर्ण गोष्ट वाचली, घामाघूम होऊन, एक शब्द न अडखळता. आणि पाठवून दिली. मला बसमध्ये सांगत होती तेव्हा मी म्हटलं, 'रडलीस का गं?' म्हणाली, 'आवाज बसला असता ना.'

दादासाहेब परत आले ते छाती फुगवून. 'सूनबाई, काय आवाज सुटला हुता आपल्या मिक्सरचा! पार काळेवाडी फाट्यापातूर! लोकं इचारत हुती कुनाचा हाय. म्हनलं, आमच्या सुनंचा!' अहो, आता या माणसावर रागवायचं कसं? एकाच शर्टात सगळी शाळा काढलेला माणूस तो. आयुष्यभर सगळं कमीच पडलेलं, म्हणून पुढचं पुढचं भरून ठेवत गेला. मला संताप येतो, भयंकर संताप येतो, पण तो ठेवायला जागा सापडत नाही.

चार दिवसांनी सुखदा मॅडमच्या बहिणीचा फोन. बसमध्येच आला, मोशीला अडकलो होतो, मीही कान लावला. 'मिनल, आवाज फार सुंदर आहे तुमचा. वाचनही. पण मागे कोणी... भावी नगरसेवक आहेत का हो? ते तुमच्यापेक्षा स्पष्ट येतायत. आत्ता जागा भरली आम्ही. पुढच्या वेळी एक सुचवू का? फार मोठं काही नको, साधा दोन चॅनेलचा छोटा मिक्सर मिळतो, डब्याएवढा...'

मिनल म्हणाली, 'हो का? बघते हं.' बघते हं! आणि फोन ठेवला, आणि पिशवीतून कंपनीचं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

मिक्सर आता सनीकडंच असतो. तुम्हाला सांगते, मी परवा तिच्या घरी गेले होते. सात लिटरचा कुकर फडताळावर, त्याचं झाकण किंचित वर आलेलं. म्हटलं, 'अगंबाई, लागला वाटतं शेवटी! काय शिजवलंस?' उघडून बघते तर आत माइक. मऊ फडक्यात नीट गुंडाळलेला, शेजारी कापराची वडी. मी म्हटलं, 'मिनल, अगं विकून तरी टाक ना, कशाला ठेवलास?'

तिनं माझ्या हातातून झाकण घेतलं, सासऱ्यांची नक्कल करते की काय म्हणून मी हसायला तोंड उघडलं... पण नक्कल नव्हती हो ती. झाकण लावत, माझ्याकडं न बघता म्हणाली,

'राहू दे गं. पुढं लागंल.'