शिरेतून चरबी

मला सांगा, संताप येणार नाही तर काय? लिव्हरला चरबी चढलीय म्हणून आमच्या कानडी डॉक्टरांनी माझं तूप पार बंद केलं. दोसासुद्धा कोरडा! परवा सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसला, तर तेच म्हणाले, "शिरेतून बारीक बुडबुडे सोडू. सोनोग्राफीच्या लहरींनी ते थरथरतात, मग डाग कसला ते नीट दिसतं."

"शिरेत हवा? जीव जाईल की!"

"एनू आगल्ल री, काही होत नाही. प्रत्येक बुडबुड्यावर चरबीचं पातळ आवरण असतं."

"चरबीचं?" मी ताडकन उठून बसलो. "मला चमचाभर तूप चालत नाही, आणि तुम्ही शिरेतून चरबी घालणार?"

घातलीच. डाग साधा निघाला. घरी येऊन बायकोला म्हटलं, "आता तरी दोशावर तूप सोड!"

ती म्हणाली, "तोंडातून नाही. हात पुढं करा, सुई आणते."