ईश्वरप्पाचे मुळ्याचे दात

...आन् समद्या माजलगावात पिशाच्च करायला ईश्वरप्पाच घावला, कावून? सांगा ना तुमी! मोंढ्यात किराण्याचं दुकान, कपाळाला भस्म, डास चावला तरी फुंकर मारून उडवणारा माणूस, आन् त्याला म्हणं पोरींच्या मानंला चावायचं! पर घरचीच पोर नाटक लिवायला लागल्यावर बाप सुटतो व्हय? ईश्वरी कॉलेजात हाय. विलायतेतल्या रगतपिशाच्चाच्या गोष्टी वाचून वाचून तिनं व्यापाऱ्यांच्या स्पर्धेला एकांकिका लिवली. आप्पानं, म्हंजे ईश्वरप्पाच्या थोरल्या भावानं, तंबी दिली, "नाटक पडलं तर लिवणं बंद! सोयरीक बघायची!" तिकडं पिशाच्च व्हायला एक माणूस तयार न्हाई, पोरगी रडकुंडीला आली, मग बाप उभा राह्यला. जीव तुटतो ना वो!

तालमीत लई हाल. ईश्वरी समजावायची, "बाबा, ह्यो चारशे वर्सामागचा सरदार. देवाला पाठ दाखवली म्हणून मेल्यावर बी पेटीतून उठतो. देवाच्या खुणंला भितो, लसणाला भितो..."

"लसणाला?" ईश्वरप्पा गारच! "अगं, चटणीबिगर माझी भाकर उतरत न्हाई!"

बरं, ते पेटीतून उठणं बी त्याला पटंना. "आपल्या लिंगायतांत बी पुरतेतच की. पर बसवून पुरतेत, तळहातावर इष्टलिंग ठिवून. देव हातात असल्यावर माणूस उठंल कशाला?"

पोरगी म्हणायची, "बाबा, तुमी फकस्त चावा."

मुळा तासून दात केलते, तर ह्यो गडी बोलता बोलता दातच खाऊन टाकायचा! दर तालमीला नवा मुळा! तुमाला सांगतो, ईश्वरप्पालाच पिशाच्च केलं, कावून?

स्पर्धेला मंडप गच्च. पयल्या रांगंत आप्पा, फेटा बांधून. पेटी उघडली, काळी शाल पांघरून ईश्वरप्पा उठला, बायांनी लेकरं छातीशी धरली... झ्याक! पलंगावर नायिका, स्वप्नाली. ह्यो वाकला, लसणाच्या वासानं तिनं तोंड फिरवलं, लोकांला वाटलं काय अभिनय करते पोर! आन् तेवढ्यात शालीतून चांदीच्या डबीतलं इष्टलिंग बाहेर, लोंबतंय तिच्या नाकापुढं! आता लिंगायत माणूस ते गळ्यातून काढतो का? मेल्यावर बी न्हाई काढत! ईश्वरीनं विलायतेतलं समदं ध्यानात ठिवलं, बापाच्या गळ्यातलं इसरली.

मागून, बायांच्या घोळक्यातून, मुक्ताबाई वरडली, "अगं बया, देव गळ्यात, आन् पिशाच्च कसलं गं हे!" मंडपभर हशा! आप्पा ताडकन उठला, "धर्माची चेष्टा लावलीय व्हय! पाडा पडदा!" पडदेवाल्यानं दोरीला हात घातला, विंगेत ईश्वरीनं तोंडात ओढणी कोंबली. संपलं ना वो समदं!

ईश्वरप्पानं पोरीकडं पाह्यलं, आन् त्याच्या आत काय पेटलं कुणास ठावं! इष्टलिंग तळहातावर घेतलं, डोळं भरून पाह्यलं, आन् अशी किंकाळी फोडली की पडदेवाल्याच्या हातची दोरी सुटली! "चारशे वर्स ज्याला भिऊन पळालो, त्यो माझ्याच गळ्यात व्हता व्हय रे! मी रगत पीत हिंडलो, आन् ह्यो हितं छातीवर वाट बघत बसला!" एक दात थुंकला, दुसरा गडबडीत गालात ढकलला, मांडी घातली, डोळं मिटलं, आन् गेला! पेटीत आडवा न्हाई, बसून, हातात देव घेऊन!

मग मुक्ताबाईनंच हुंदका दिला, "सुटलं गं बिचारं!" आन् टाळ्या! शिट्ट्या! हर हर महादेव! आप्पा फेट्याच्या शेमल्यानं डोळं पुसत स्टेजवर, माईक हिसकावून, "माझ्या पुतणीनं लिवलंय ह्ये! कुणी बी सोयरीक घिऊन यायचं न्हाई, पोरगी लिवणार हाय!" पयला नंबर! ईश्वरी बापाच्या गळ्यात पडून रडली, आन् ईश्वरप्पा, अजून मुळा चघळत, खांद्यावर मिरवला लोकांनी! कावून म्हणून इचारत व्हतो ना? ह्याच्यासाठी!

सकाळी ईश्वरप्पानं निवांत दुकान उघडलं. शाल घडी घालून ठिवलेली, भाकरीसंगं दुप्पट चटणी बांधलेली. तर ईश्वरी दारात.

"बाबा, कपिलधारच्या यात्रंत प्रयोग मागितलाय. नारायणगडाला बी."

"अगं, पर त्या पिशाच्चाला मुक्ती मिळाली की!"

"त्याला मिळाली, बाबा. तुमाला कुठं?"

बसला मग ईश्वरप्पा, मुळा तासत.