काचेवरची मागची मुलगी

माझी मावसबहीण कमल हसली, की लोक तिच्याकडेच बघतात. मिरचीबाजारात ती अशीच हसताना फोटोवाल्या काकांनी फोटो काढला. मी तिच्या मागेच होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा काका ज्या काचेवरून फोटो छापतात तिच्यावर लाल रंग लावून मागची गर्दी झाकत होते. रंग लावला, की तेवढं कागदावर कोरं उमटतं. बैल झाकला, पोती झाकली. मग मलाच विचारलं, "हाई मांगली पोर कोन शे व?"

मी त्यांच्या समोरच उभी होते.

"कोणी नाही," मी जळफळून म्हणाले. "झाकून टाका."

छापलेल्या फोटोत कमल एकटीच हसत होती. तिच्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी राहिली होती.

कमल म्हणाली, "हाऊ तुन्हाच हात शे ना? मंग तू कोठे गई?"