मातीच्या गोळ्या फेकायच्या नसतात

हॅलो? … हां ताई, बोल … अगं हळू, एकेक सांग. प्रदूषण मंडळाचे तपासनीस आले? … रंगाईच्या कारखान्याला ठोकायला कुलूप घेऊनच आले? … चहा दिलास ना? दे, आणखी एक दे.

आणि रंगाचं सांडपाणी? … अजून लालभडकच? … कसं शक्य आहे? परवा माझ्यासमोर त्याच पिंपातलं पाणी स्वच्छ झालं होतं! मी दिलेल्या मातीच्या गोळ्या घातल्यास? … संपल्या? कशा संपतील गं?

काय केलंस?! … फेकल्या? ताई! अगं, ती माती काय चहाची पावडर आहे, एकदा उकळली की टाकली? … हो, हो … अगं ऐक ना! साधी मातीच, पण त्यात लोखंड बसवून भाजलीय मी. वरून ओततेस ते पेरॉक्साइड खर्च होतं, माती नाही. ती नुसती कामाला लावते त्याला … रंग तुटतो, ती तशीच राहते … हो, पुन्हा पुन्हा तीच! … बरं बाई, माझंच चुकलं, सांगायला हवं होतं. भांडण नंतर. फेकल्यास कुठे?

मागच्या दारी? ढीग आहे अजून? … देव पावला! … घमेल्याने उचल सगळ्या. कचरा लागला असेल तर धू … ओत पिंपात. हातमोजे घाल आधी, मग पेरॉक्साइड … आता ढवळत राहा.

वेळ लागणारच थोडा … मग भाऊजींना पाठव साहेबांजवळ. ते एकदा बोलायला लागले की कोण उठतंय? … हसू नकोस, ढवळ … आहे गं मी, ठेवत नाही.

… काय? गुलाबी? … बघ! … थांबू नकोस … आता? … तळ दिसतोय? खरंच? ताई, खोटं बोलू नकोस हं … अगं बाई! … जा, बाटली भरून दे त्यांना.

… हां, बोल. काय म्हणाले? … बाटली प्रयोगशाळेत पाठवणार, बरं … आणि कुलूप? … परत पिशवीत टाकलं? … सुटलो गं, सुटलो!

कोण? … कामावरच्या सगळ्याजणी जेवणाचे डबे घेऊन दारातच उभ्या आहेत? उद्या यायचं की नाही म्हणून? … मग मला काय सांगत बसलीस, त्यांना सांग ना! … हॅलो? … ताई? …

गेली. फोन तसाच टाकून गेली … अगंबाई, काय हा आरडाओरडा! …

ठेवते गं मी.