अंड्याच्या ट्रेच्या विटा

...आणि टूथपेस्टचं झाकण! तुम्हाला सांगते, सकाळी दात घासायला जावं तर ट्यूब उघडी, झाकण गायब, आणि ते झाकण कुठं? हॉलमधल्या टेबलावर, एका इटुकल्या घराच्या गच्चीत, पाण्याची टाकी म्हणून! मी म्हटलं, 'अहो मामा, निदान पेस्ट तरी संपू द्या!' तर सासरे आमचे मान वर न करता म्हणतात, 'मग लोकांनी पाणी कुठून प्यायचं?' घ्या! आमच्या घरात काही टाकायचं नाही. बुटांचं खोकं टाकायचं नाही, आइस्क्रीमच्या काड्या टाकायच्या नाहीत, त्यांचे दरवाजे होतात, भांडी घासायच्या स्पंजाची झुडपं होतात, आणि चहाची उकळलेली पत्ती, ती धुऊन उन्हात वाळवायची, तिची म्हणे जमीन होते! परवा शेजारीण विचारते, 'काय वाळत घातलंय गं?' काय सांगू? रणांगण सांगू?

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या ह्यांना एक खेळ आहे. चाळिशी उलटली, तरी आहे! बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, आणि दर रविवारी चार मित्रांनी मिळून एकमेकांचा फडशा पाडायचा. आता सैनिकांना लपायला भिंती नकोत? त्या ह्यांनी पुठ्ठ्याच्या केल्या. आणि मामांनी त्या बघितल्या... इथंच सगळा घोळ झाला.

कारण मामा गवंडी. चाळीस वर्षं! गुडघे गेले, डॉक्टरांनी शिडी बंद केली, आणि शिडीबरोबर ह्या माणसाचं बोलणंच बंद झालं हो. दोन वर्षं नुसते खिडकीत बसून. जेवलात का? हूं. बरं वाटतंय का? हूं. तर त्या दिवशी उठले, टेबलापाशी आले, वाकले, आणि म्हणाले, 'विटांच्या सांध्यावर सांधा आलाय. ही भिंत पडणार.' हे म्हणाले, 'बाबा, पुठ्ठा आहे तो! विटा नुसत्या पेनानं काढल्यात.'

'मग पेनानं पडेल.'

झालं! दुसऱ्या दिवशी माझी कात्री गेली. अंड्यांच्या ट्रेच्या विटा कापल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि माझ्या भुवयांच्या चिमट्यानं, माझ्या!, एकेक वीट उचलून डिंकात बुडवून लावायची, सांधा चुकवून. वर दोऱ्याला माझ्या माळेतला मणी बांधून ओळंबा! मी म्हटलं, 'अहो, वीतभर तर भिंत!' म्हणाले, 'वीतभर आहे म्हणून वाकडी चालेल?' खरं सांगू? मी भांडायला गेले होते. पण तो म्हातारा हात बघितला, चाळीस वर्षं विटा उचलून राठ झालेला, आणि ती एवढीशी वीट ठेवताना दगडासारखा स्थिर... कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मी तिथंच उभी.

महिनाभर बांधलं. आणि सोमवारी ऑफिसातून येऊन बघते तर मामा डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून भिंतीवर थेंब थेंब सोडतायत. 'हे काय?' 'पाणी मारतोय. नवं बांधकाम आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी नको?'

अहो मामा! पुठ्ठा! सिमेंटला मुरवायला पाणी, पुठ्ठ्याला पाणी म्हणजे... बघता बघता भिंत वाकली, बसली, लगदा झाली. चाळीस वर्षांची सवय हो! मामांनी आपल्या हातांकडे बघितलं. 'हात गेला माझा,' म्हणाले, आणि परत खिडकीत. जेवलात का? हूं. आता हा माणूस पुन्हा उठत नाही, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सुपली घेऊन मी लगदा भरायला लागले, तर मागून आवाज, 'टाकू नको.' बोटांत लगदा चोळून बघितला. 'डिंक घातला तर गिलावा होईल.' मग काय विचारता! जी मी महिनाभर कटकट करत होते, ती मी, भरल्या ट्रेतली अंडी पातेल्यात फोडली आणि ओरडले, 'मामा, माल आलाय!' दोन दिवस दोन्ही वेळा आम्लेट! आणि मामा मला, ऑफिसात चौदा माणसं हाताखाली असलेल्या बाईला, म्हणतात, 'नुसती उभी काय राहतेस? कालव!' कालवलं. पाच दिवस सुट्टी टाकून कालवलं, आणि भिंतीचं पुरतं घर उभं राहिलं.

रविवारी ह्यांचे मित्र, बाकीचे तिघे सेनापती, आले. आले ते दारातच थबकले. त्यातला एक दातांचा डॉक्टर, त्यानं खिशातून तो दात बघायचा आरसा काढला, त्या इटुकल्या घराच्या खिडकीतून आत घातला, आणि बाकीच्यांना हातानं जवळ बोलावलं. आत ओटा होता हो! फडताळ होतं! चारी भिंतींना आतून गिलावा! मी म्हटलं, 'मामा, आत कोण बघणार होतं?'

'राहणाऱ्याला दिसतं ना.'

कालवणारी मी, मलाही पत्ता नव्हता! मग लढाई. त्यातल्या एका दाढीवाल्याच्या तोफेचा फासा पडला, सहा! नियमानं भिंत उडायला हवी. त्यानं भिंतीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि म्हणाला, 'फासा कलंडला, धरायचा नाही.' दुसऱ्याचाही कलंडला. सगळ्यांचेच कलंडले! युद्ध गेलं बोंबलत, चार सैन्यं आपली भिंतीला टेकून उभी. आणि मामा? सांध्यावर हात फिरवत सांगतायत, सांगतायत, तीन तास! दोन वर्षांचं साठलेलं!

काल कचऱ्याच्या गाडीवाल्यानं बेल वाजवली. काळजीनं विचारतो, 'ताई, गावाला गेला होतात का? तुमच्याकडचा कचराच येत नाही.' मी म्हटलं, 'बाबा रे, आमच्या घरात काही टाकायचं नाही.' तेवढ्यात आतून मामांचा आवाज, 'अगं, गाडीत खोकी आहेत का बघ!'

...तुम्हाला काय वाटतं, मी रिकाम्या हातानं परत आले?