कार्डाची मागची बाजू

(विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, दुपारचे तीन. मावशीचा नोकरीतला शेवटचा दिवस. खोलीभर पुस्तकांचे गठ्ठे.)

मावशी : दारातूनच काय विचारतेस? ये, तो गठ्ठा सरकव आणि अशी जवळ बस. एक गोष्ट सांगते. मन लावून ऐक, मग तुझं तू ठरव.

भाची : मावशी, गोष्टीला वेळ नाहीये गं! पाचला पेपर पाठवायचाय. तू नुसतं हो म्हण, मी पळते.

मावशी : कशाला हो म्हणू, ते तरी कळू दे.

भाची : फोनवर सांगितलं की! गुडघेदुखीची एकशेचाळीस माणसं. निम्म्यांना रोजचा व्यायाम दिला, निम्म्यांना नाही. त्यातली सतरा मधेच सोडून गेली. ती वगळली की निकाल कसा स्वच्छ येतो. व्यायामानं दुखणं कमी होतं.

मावशी : आणि नाही वगळली तर?

भाची : तर सगळं गढूळ.

मावशी : सतरातली व्यायामाच्या गटातली किती?

भाची : ...चौदा.

मावशी : अगंबाई.

भाची : अगंबाई काय! मलाही कळतं ते. पण माझे सर म्हणाले, सगळेच वगळतात, तळटीप टाक आणि मोकळी हो. आज पेपर गेला नाही तर पुढच्या वर्षीची माझी संशोधनाची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल. दोन वर्षं राबलेय मी, मावशी.

शिपाईमामा : बाई, हे कपाट रिकामं करून न्यायचं, का कागदांसकट?

मावशी : कागदांसकट न्या मामा, आणि वाटेत कुठेतरी हरवा.

शिपाईमामा : तीस वर्षं एक चिटोरं हलवू दिलं नाहीत, आणि आता हरवा म्हणताय! चहा ठेवतो आधी.

भाची : बरं, सांग तुझी गोष्ट. पण थोडक्यात. तू सुरू झालीस की निरूपणच होतं.

मावशी : माझा तो पहिला पेपर आठवतो? रक्तदाबाच्या गोळीचा?

भाची : आजोबांनी फ्रेम करून लावलेला? त्याच्याखाली बसून पाढे म्हणायचो आम्ही!

मावशी : तोच. दोनशे माणसं होती. दवाखान्यातल्या नर्सबाई प्रत्येकाचं एक कार्ड ठेवायच्या. कार्ड माझ्याकडे यायची, मी आकडे तक्त्यात उतरवायची. त्यातली तेवीस माणसं यायची बंद झाली. आमचे मोठे सर म्हणाले, जी शेवटपर्यंत राहिली त्यांचंच लिहू. लिहिलं. 'गोळी सर्वांना सोसते.' छापून आलं, गाजलं, मला इथे नोकरी लागली.

भाची : मग? त्या काळी तसंच करायचे सगळे.

मावशी : नर्सबाई घरी जाताना वाट वाकडी करून त्या माणसांच्या दारी जायच्या. का हो, येत का नाही? म्हणून विचारायच्या. आणि जे उत्तर मिळे ते कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायच्या. डोकं गरगरतं. उठलं की अंधारी येते. तेविसातल्या एकोणीस कार्डांवर हेच.

भाची : आणि तू मागची बाजू बघितलीच नाहीस.

मावशी : बघितली.

भाची : म्हणजे?

मावशी : वाचली. आणि कार्ड परत उलटं केलं. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता गं. आणि तक्ता तर मीच आखला होता.

भाची : मावशी...

मावशी : थांब, पुढचं ऐक. त्यात एक शिवणकाम करणारी बाई होती. गरगरतं म्हणून तिनं गोळी सोडलेली. वर्षानं दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. त्यानं माझा पेपर वाचलेला. तो म्हणाला, छे, ही तर सगळ्यांना सोसते, आणि तीच गोळी पुन्हा सुरू केली. आठव्या दिवशी जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं.

भाची : तुला कसं कळलं?

मावशी : नर्सबाई इथे आल्या होत्या सांगायला. तू बसलीयस तिथेच बसल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाल्या, "बाई, मी मागे लिहिलं होतं. तुमच्या नजरेतून सुटलं असेल."

भाची : काय म्हणालीस तू?

मावशी : सुटलं असेल, असं म्हणायला जीभ उचललीच होती. सोपं होतं. पण त्या बाईंनी माझ्याकडे इतक्या भरवशानं बघितलं... म्हटलं, सुटलं नव्हतं.

भाची : आणि त्या?

मावशी : पिशवी उचलून उठल्या. मग म्हणाल्या, चला, त्या बाईला भेटून येऊ. गेलो दोघी. तिथून आल्यावर मी दुरुस्ती लिहिली आणि छापायला पाठवली.

भाची : आई तर म्हणते, तुझी बढती तू भांडखोर म्हणून रखडली!

मावशी : तुझ्या आईला तेच पटतं, तर असू दे. नऊ वर्षं रखडली. मोठे सर नंतर बोलले माझ्याशी, पण हवापाण्याचंच. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, बाळ. देवाच्या यादीतून कुणी गळत नाही, आपल्या यादीतून गळतात. एवढंच त्या दिवशी कळलं, आणि तेवढ्यावर पुढची नोकरी केली.

भाची : म्हणजे तू हो म्हणणार नाहीस.

मावशी : मी नाहीही म्हणणार नाही. पेपर तुझा आहे.

भाची : आणि जागा गेली तर?

मावशी : जाईल कदाचित. वाईट वाटेल. मलाही वाटेल. उगाच खोटा धीर कशाला देऊ?

शिपाईमामा : घ्या चहा. ताई, तोंड का उतरलं? निवृत्त तुम्ही होताय की बाई?

भाची : मामा, फोन कुठून लागतो, आत की बाहेर? इथे रेंज नाही.

शिपाईमामा : खिडकीत उभ्या राहा. बाई तिथेच उभ्या राहून ओरडतात.

भाची : ...हॅलो? नमस्कार काकू, गुडघ्यांच्या अभ्यासातून बोलतेय... नाही नाही, परत या म्हणायला नाही केला फोन. तुम्ही मधेच का सोडलंत, तेवढंच विचारायचं होतं... हो... कुठल्या आठवड्यापासून?... रात्रीसुद्धा?... लिहितेय काकू, सावकाश सांगा.

मावशी : मामा, तिचा चहा झाकून ठेवा.

भाची : ...सूज आली होती, मावशी. त्यांना वाटलं, आपणच आळशी. म्हणून कळवलं नाही. दोन वर्षांत मी त्यांना एकदासुद्धा विचारलं नाही गं.

मावशी : आता विचारलंस.

भाची : सोळा राहिले. आजचं पाठवणं होत नाही, सरांना कळवते. ते चिडतील... चिडू देत. आणि हे छापलं गेलं कधी, तर आभारात तुझं नाव घालते.

मावशी : माझं नको. नर्सबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचं नाव कुठल्याच पेपरात नाही. माझ्या त्या दुरुस्तीतसुद्धा मी घातलं नाही. लोकांच्या दारी जाऊन विचारायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढचा नंबर लावताना क्षणभर त्यांची आठवण काढ, बाळ. एवढंच मागते.