खिडकीबाहेरचा हात

चहा सांडन बरं, पह्यले कप खाली ठेवा! मी अन् आमचा नाम्या नागपूरहून पुण्याले स्वस्तातल्या विमानानं गेलतो. निंघाच्या आधी मीच फेकली, "विमान दारव्ह्याच्या तुया वावरावरूनच जाते. वहिनीले लाल लुगडं हलवाले सांग."

खिडकी मायी निंघाली. वर जाताच वरडलो, "नाम्या, वहिनी लुगडं हलवून राह्यली ना बे!"

"सरक, मले पाहू दे!" पट्टा सोडून थो सिद्दा माया मांडीवर!

विमानातली पोरगी म्हणे, "काका, जागेवर बसा!"

तवरिक ढग आले. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

पुण्यात उतरून त्यानं घरी फोन लावला. वहिनी गरजली, "पाह्यलं म्या! खिडकीतून हात काहून बाहेर काढलता? एष्टी हाय काय थे?"

नाम्या मायाकडं पाहून म्हणे, "आईशप्पथ, माया हात नाही वं! खिडकीत हा बुढा बसलता!"